मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये ‘पडदा फाटला’, लेन्स बसवलीच नाही. आईच्या डोळ्याचं आता काय करायचं?

पूर्वभागकर · सोमवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचत असतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आई ६७ वर्षांची आहे. चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं, मांडीवर सूप घेऊन. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पार पिकला होता तरी ऐकायची नाही, आधी गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, होऊ दे म्हणाली, मग उन्हाळ्यात कुणी डोळ्याला हात लावतं का म्हणाली, मग पाऊस, असं करत दोन वर्षं गेली. शेवटी वीस दिवसांपूर्वी शहरातल्याच एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. अर्ध्या तासात बाहेर येतील म्हणाले होते, आम्ही बाकावर पावणेदोन तास बसून. मग डॉक्टर बाहेर आले आणि उभ्याउभ्या सांगितलं की पडदा फाटला, लेन्स आज बसवता आली नाही, दीड महिन्यानं बघू. मी काही विचारायच्या आत ते आत गेले.

डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत पीसीआर आणि अफेकिया असं लिहिलंय आणि जिथं लेन्सचं स्टिकर लावतात ती चौकट रिकामी आहे. शेजारच्या मावशींना लावलेलं स्टिकर मी बघितलंय म्हणून लक्षात आलं.

आता त्या डोळ्यानं तिला माणूस उभा आहे एवढं कळतं, चेहरा कळत नाही. दुखत नाही, पाणी येत नाही. पण गल्लीत सगळे म्हणायला लागले की पडदा फाटला म्हणजे नजर गेली, तो काही परत शिवता येत नाही. तेव्हापासून ती नीट जेवत नाही. रात्री मला विचारते, डोळा गेला का रे माझा. मी काय सांगू?

कुणाच्या घरात असं झालंय का? लेन्स नंतर खरंच बसते का? की नुसतं समजूत काढायला सांगितलंय?

सातरस्ता_सोलापूर · सोमवार, रात्री ११.१५

दादा आधी एक सांगा, डोळ्यात वीज चमकल्यासारखं, काळे ठिपके, बाजूनं सावली असं काही आईंना दिसतंय का? तसं असेल तर सकाळपर्यंत पण थांबू नका. बाकीचं जाणकार सांगतील.

पूर्वभागकर · सोमवार, रात्री ११.२२

नाही, विचारलं तिला. एक-दोन ठिपके तरंगतात म्हणते, चमक वगैरे नाही.

चष्मा_नंबर · मंगळवार, सकाळी ७.४०

मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, अठरा वर्षं सोलापुरात डोळे तपासतोय. दुकान उघडायच्या आधी लिहितो कारण तुमची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. त्या ‘पडदा’ शब्दानं आपल्याकडे किती माणसं विनाकारण घाबरतात हे मी रोज बघतो.

आपण मराठीत डोळ्यातल्या तीन वेगवेगळ्या गोष्टींना पडदा म्हणतो. एक म्हणजे नेत्रपटल, रेटिना, डोळ्याच्या पार मागं असतं, ज्याच्यावर चित्र उमटतं. तो सरकला किंवा फाटला तर नजर जाऊ शकते, आणि गल्लीतले लोक त्याच्याबद्दल बोलतायत. दुसरा पडदा म्हणजे आपल्या नैसर्गिक भिंगाच्या पिशवीची मागची बाजू. आणि तिसरा, ऑपरेशननंतर काही महिन्यांनी-वर्षांनी त्याच पिशवीवर जी जाळी धरते तिला पण लोक पडदा आला म्हणतात.

तुमच्या आईचा दुसरा फाटलाय. पीसीआर म्हणजे तेच, पिशवीची मागची बाजू फाटणे. अफेकिया म्हणजे डोळ्यात सध्या भिंग नाही.

शेंगदाणा डोळ्यासमोर आणा. दाण्यावर पातळ लाल साल असतं ना, तसं आपल्या भिंगावर एक पारदर्शक साल असतं, तीच पिशवी. ऑपरेशनमध्ये या सालाला पुढून गोल खिडकी पाडतात, आतला गढूळ झालेला दाणा फोडून बाहेर काढतात आणि रिकाम्या सालात नवी कृत्रिम लेन्स ठेवतात. आता हे साल मागच्या बाजूला साधारण ४ मायक्रॉन जाडीचं असतं, आपला केस ७०-८० मायक्रॉनचा, म्हणजे विचार करा. दाणा जितका पिकून कडक आणि तपकिरी झालेला तितकी फोडायला ताकद जास्त, तितका साल फाटायचा धोका जास्त. चांगल्या अनुभवी हातातसुद्धा शंभरात एखाद-दुसऱ्याला हे होतं. साल फाटलं की लेन्सला टेकायला जागा उरत नाही, मागचा जेलीसारखा व्हिट्रियस पुढं येतो, तो साफ करावा लागतो, त्यातच वेळ जातो. तुमचे पावणेदोन तास तिथं गेले असणार. अशा वेळी जबरदस्तीनं लेन्स बसवली तर ती मागं डोळ्याच्या तळाला पडू शकते. त्यामुळे न बसवता थांबणं हा बऱ्याचदा शहाणपणाचा निर्णय असतो. चुकलं ते एवढंच की ते तुम्हाला बसवून सांगितलं नाही.

आता एक काम करा. आईंना जवळच्या कुठल्याही चष्म्याच्या दुकानात न्या जिथं नंबर काढतात. डावा डोळा झाकायचा आणि उजव्यासमोर अधिक १० ची काच धरायला सांगायचं. भिंग काढलेल्या डोळ्याला साधारण तेवढा नंबर लागतो. त्या काचेतून बोर्डावरची अक्षरं दिसली तर समजायचं की मागचा खरा पडदा काम करतोय. ही काही पूर्ण तपासणी नव्हे, रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवायचंच आहे, पण आईंना जेवायला बसवायला एवढं पुरेल.

अक्कलकोट_रोड · मंगळवार, सकाळी ९.०५

माझ्या चुलत्यांचं बी असंच अंधुक झालतं, लेझर मारला पाच मिनिटात, सुई नाही टाका नाही, दुसऱ्या दिवशी पेपर वाचलालते. तुम्ही पण लेझर करून टाका, येवढं टेन्शन घेऊ नका.

चष्मा_नंबर · मंगळवार, सकाळी ९.३०

मालक, चांगल्या मनानं सांगताय पण इथं तो लागू नाही. तुमच्या चुलत्यांचा तिसरा पडदा होता. त्यांची लेन्स जागेवर होती, मागच्या सालावर पेशी वाढून जाळी धरली होती, याग लेझरनं तिला मधोमध खिडकी पाडली. लेन्स बसवल्यानंतर सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार हीच, आणि सगळ्यात सहज सुटणारी पण हीच. यांच्या आईंना लेन्सच नाही आणि सालाला भोक आधीच आहे, लेझर कशावर मारणार?

यागच्या बाबतीत अजून एक, जे मला दोन पेशंटमध्ये बघायला मिळालं. काही जुन्या हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी शोषणाऱ्या जातीच्या मऊ लेन्स काही वर्षांनी स्वतःच दुधाळ होतात, लेन्सच्या आत-वर कॅल्शियमचे बारीक कण बसतात. पेशंटला वाटतं जाळी आली, कधी घाईत तपासणाऱ्यालाही तसंच वाटतं, आणि लेझर मारला जातो. फरक काहीच पडत नाही, कारण गढूळ लेन्स आहे, साल नाही. वर सालाला भोक पडल्यामुळे ती लेन्स काढून दुसरी बसवणं अवघड होऊन बसतं. म्हणून लेझरच्या आधी विचारावं, जाळी सालावर आहे की लेन्सच गढूळ झालीय. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या मशीनवर, नीट बघितलं की कळतं.

जुळेसोलापूर_माई · मंगळवार, दुपारी २.१०

पूर्वभागकर दादा, तुमच्या आईला दुखत नाही हे वाचून फार बरं वाटलं, का ते सांगते. तुमच्याच उपयोगाचं आहे असं नाही पण इथं उद्या कुणीतरी वाचेल म्हणून लिहिते.

आमच्या मामांचं म्हणजे सासऱ्यांचं ऑपरेशन अगदी नीट झालं होतं. लेन्स बसली, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं त्यांनी, सगळ्यांना पेढे दिले. चौथ्या दिवशी शनिवार होता. संध्याकाळी म्हणाले डोळा जड वाटलालंय, रात्री कपाळापर्यंत दुखायला लागलं. आम्हाला वाटलं ऑपरेशनचं दुखणं असेल, दुखायची गोळी दिली. रविवारी म्हणाले कालच्यापेक्षा अंधुक दिसतंय, डोळा लालभडक. दवाखाना बंद, आता सोमवारी दाखवू म्हटलं, रविवारी कुणाला त्रास द्यायचा. सोमवारी सकाळी पापणी उघडून बघितलं तर बुबुळाच्या खालच्या कडेला पांढरी रेघ दिसत होती, पू साचल्यासारखी. डॉक्टरांनी बघितलं आणि तोंडच बदललं त्यांचं. डोळ्याच्या आत इन्फेक्शन, एंडॉफ्थॅल्मायटिस. त्याच दिवशी डोळ्यात अँटिबायोटिकची इंजेक्शनं, मग पुण्याला आतली सफाई. डोळा राहिला पण नजर उजेड-अंधार कळण्यापुरतीच. डॉक्टर म्हणाले, शनिवारी रात्री आला असता तर.

ते शनिवार-रविवार मी आजपण मोजते. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की आलेली नजर परत कमी होणं आणि दुखणं वाढणं ही धावत यायची खूण आहे. कागदावर ड्रॉपचं टाइमटेबल होतं, सहा वेळा चार वेळा, पण हे एक वाक्य नव्हतं.

सिस्टर_निवृत्त · मंगळवार, संध्याकाळी ६.२५

माई, तुमचं वाचून हात थांबला. मी एकवीस वर्षं डोळ्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलंय. हे इन्फेक्शन फार क्वचित होतं, हजारात एखाद्याला, पण ज्याला होतं त्याच्यासाठी ते शंभर टक्केच असतं. ऑपरेशनच्या आधी डोळ्यात ५ टक्के बीटाडीन टाकून तीन मिनिटं थांबायचं असतं, ते तीन मिनिटं मी घड्याळाकडे बघून मोजायचे, कुणी कितीही घाई केली तरी. आणि आता ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आतच अँटिबायोटिक सोडतात. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात, २००७ साली तो छापून आला, अशा इंजेक्शननं इन्फेक्शनचं प्रमाण जवळजवळ पाचपट कमी झालेलं दिसलं. तिकडे सेफ्युरॉक्झिम वापरतात, आपल्याकडे बहुतेक मॉक्सिफ्लॉक्सासिन. नातेवाईकांनी हे विचारलं तर कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच डोळा लाल होऊन अंधुक झाला तर कधी कधी ते जंतूंमुळे नसतं, औषध-द्रव किंवा हत्यारांवर राहिलेल्या अंशाची ॲलर्जीसारखी सूज असते, ती ड्रॉपनं उतरते. पण ते कुठलं आहे हे घरी बसून ठरवायचं नसतं.

आता अजून एक जे आपल्याकडे कुणीच सांगत नाही. साठीच्या वरच्या पुरुषांपैकी बऱ्याच जणांना लघवीच्या, प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन नावाची गोळी चालू असते. त्या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली मोठी राहत नाही, मधेच आकसते, बुबुळ वाऱ्यावरच्या कापडासारखं फडफडतं आणि अशातच पिशवी फाटायचा धोका वाढतो. २००५ साली हे पहिल्यांदा नीट ओळखलं गेलं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, बंद केल्यानं तो परिणाम जाईलच असंही नाही, फक्त डॉक्टरांना आधी सांगायचं, ते वेगळं औषध किंवा बाहुली ताणून धरायचे हुक तयार ठेवतात. किती आजोबा टेबलावर झोपल्यावर सांगायचे, बाई ती लघवीची गोळी सांगायची राहिली. त्यांना वाटायचं डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध. कुणी विचारलंच नाही तर त्यांनी तरी का सांगावं.

पूर्वभागकर · बुधवार, रात्री ९.४०

चष्मा_नंबर दादा, तुमचे उपकार कसे मानू.

आज संध्याकाळी कारखाना सुटल्यावर आईला अशोक चौकाजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानवाला भला माणूस, पैसे पण घेतले नाहीत. ती लोखंडी गोल फ्रेम असते ना, ती घातली, डाव्या बाजूला काळी चकती टाकली आणि उजव्या बाजूला अधिक १० ची काच. आई दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, एवढं मोठं का दिसतंय सगळं? दुकानवाल्यानं बोर्ड दाखवला, तिला अक्षरं येत नाहीत, मग तो आकडे असलेला बोर्ड लावला. वरून चार ओळी वाचल्या तिनं. पाचवीत अडखळली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, दाढी का नाही केलीस.

मी तिथंच बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

घरी आल्यावर दोन भाकरी खाल्ल्या. आता पुढचं विचारतो. हाच अधिक १० चा चष्मा लावून भागेल का? ऑपरेशन परत करायची तिची तयारी नाही. आणि करायचं तर लेन्स टेकणार कशाला, पिशवी फाटलीय तर?

चष्मा_नंबर · बुधवार, रात्री ११.००

दाढीचं वाचून मला पण भरून आलं.

चष्म्यानं भागणार नाही. अधिक १० च्या काचेतून वस्तू साधारण पावपट मोठी दिसते. दोन्ही डोळ्यांची भिंगं काढलेली असती तर तसं चाललं असतं, जुन्या काळी सगळेच तसे जाड भिंगाचे चष्मे लावायचे. पण एका डोळ्यानं मोठं आणि दुसऱ्यानं नेहमीएवढं दिसलं की मेंदू दोन्ही चित्रं जुळवू शकत नाही, दोन-दोन दिसतं, पायरी चुकते. कॉन्टॅक्ट लेन्सनं ते बरंच जुळतं, पण या वयात रोज घालणं-काढणं, त्यात स्वच्छता, घरात करणारं कुणी असेल तरच.

लेन्स कशाला टेकणार, तर तीन-चार वाटा आहेत. पिशवीची मागची बाजू फाटली तरी पुढच्या गोल खिडकीची कड शाबूत असेल तर लेन्स त्या कडेच्या वर, बुबुळाच्या मागे ठेवता येते. त्यासाठी बारीक तारेसारखे पाय असलेली थ्री-पीस लेन्स लागते. नेहमीची एकसंध मऊ लेन्स तिथं ठेवू नये, तिचे जाडसर पाय बुबुळाला मागून घासतात, मग आत रक्त, सूज, डोळ्याचं प्रेशर वाढणं असं मागं लागतं. कड पण नसेल तर आयरिस क्लॉ, म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखी बुबुळाला चिमटा घेऊन बसणारी लेन्स. किंवा स्क्लेरल लेन्स, तिचे पाय डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीतून बाहेर काढून तिथंच अडकवतात, काही जण टाक्यानं, काही गोंदानं, काही पायाची टोकं तापवून बोंडासारखी करून. गोंदाची पद्धत तर चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ साली सुरू केली, आपल्याकडचीच. कुठली वाट हे कड किती उरलीय, बुबुळ कसं आहे, प्रेशर किती आहे यावर ठरतं, आणि ज्याचा हात ज्या पद्धतीत बसलाय ती त्याच्याकडून करून घ्यावी.

पण त्याच्या आधी ओसीटी नावाचा स्कॅन करून घ्या. पिशवी फाटलेल्या डोळ्यात महिना-दीड महिन्यानं रेटिनाच्या मधल्या भागाला सूज येऊ शकते. आईंना शुगर आहे का?

पूर्वभागकर · बुधवार, रात्री ११.१०

हो, सहा वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत.

चष्मा_नंबर · बुधवार, रात्री ११.१४

मग ओसीटी नक्की, आणि शुगर मोजून घ्या, तीन महिन्यांची.

पुणे_नाईटड्रायव्हर · गुरुवार, पहाटे ५.५०

विषय थोडा वेगळा आहे पण लेन्सच्या त्रासाचाच. माझ्या दोन्ही डोळ्यांत दोन वर्षांपूर्वी मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या, लेन्स बसवल्या. चष्मा पूर्ण सुटेल असं सांगितलं होतं, सुटला पण, मोबाईल-पेपर सगळं बिनचष्म्याचं. पण मी सोलापूर-पुणे रात्रीची गाडी चालवतो. समोरून ट्रक आला की प्रत्येक दिव्याभोवती गोल कडी, कड्यांच्या आत कडी. टेंभुर्णीच्या पुढं तर मला थांबावं लागायचं. डॉक्टर म्हणाले मेंदूला सवय होईल, काही अंशी झाली, पूर्ण नाही. मला ऑपरेशनच्या आधी कुणी विचारलं नाही की तुम्ही काम काय करता. साधी मोनोफोकल, एकाच अंतराची, बसवली असती आणि जवळचा चष्मा लावला असता तर मला चाललं असतं. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे आधी बोलून घ्या.

निवृत्त_शिक्षक_होटगी · गुरुवार, सकाळी १०.२०

माझा अनुभव नंबर चुकण्याचा. लेन्स उत्तम बसली, इन्फेक्शन नाही काही नाही, पण नंबर उणे साडेतीन आला. नंतर कळलं की डोळ्याची लांबी मोजताना फरक पडला. लांबी १ मिलिमीटरनं चुकली की चष्म्याचा नंबर अडीच-तीननं चुकतो. मोतीबिंदू फार घट्ट असला की प्रकाशाच्या मशीननं लांबी येतच नाही, मग आवाजाच्या लहरींच्या मशीननं काढतात, त्यात प्रोब डोळ्यावर दाबला गेला तरी माप कमी येतं. ज्यांनी तरुणपणी चष्मा घालवायचं लेझर करून घेतलंय त्यांचं गणित तर नेहमीच्या सूत्रात बसत नाही, त्यांनी जुने कागद जपावेत.

मी इतिहासाचा शिक्षक, म्हणून एक सांगावंसं वाटतं. लंडनचे हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ ला पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेचे, म्हणजे त्या प्लॅस्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसलेले त्यांनी पाहिले होते आणि डोळा त्या तुकड्यांना चिडत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच प्लॅस्टिकचं भिंग केलं. आणि पहिल्याच बाईला ऑपरेशननंतर भला मोठा उणे नंबर आला, कारण भिंगाची ताकद फार जास्त झाली होती. सहकारी डॉक्टरांनी वर्षानुवर्षं त्यांना विरोध केला. आपल्याकडे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ साली ऑरोलॅब काढून लेन्स इथंच बनवायला सुरुवात केली, तेव्हा कुठं गरिबाच्या डोळ्यात ती परवडायला लागली. माझ्या वडिलांच्या वेळी लेन्सच नव्हती, बाटलीच्या बुडासारखा चष्मा होता.

सातरस्ता_सोलापूर · गुरुवार, दुपारी १.००

सर, छान माहिती. पूर्वभागकर, स्कॅन झाला की कळवा.

पूर्वभागकर · नऊ दिवसांनी, रात्री ८.३०

ओसीटी केला. मधल्या भागाला सूज निघाली. दादा म्हणाले तेच. डॉक्टर म्हणाले आधी सूज उतरू दे, तोपर्यंत लेन्सचा विषय नाही. स्टिरॉइडचे आणि दुसरे एक ड्रॉप पाच आठवडे. शुगर पण वाढलेली निघाली, भात कमी केलाय, तिला ते डोळ्यापेक्षा जड चाललंय.

जुन्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशनची नोंद मागितली. आधी देत नव्हते, मी शांतपणे म्हटलं की भांडायला आलो नाही, पुढच्या डॉक्टरला काय झालं ते कळायला हवं. मग दिली. त्यात पुढची कड किती शाबूत आहे, व्हिट्रियस किती काढला सगळं लिहिलेलं होतं. हा कागद आम्हाला पहिल्याच दिवशी मिळाला असता तर आईच्या वीस रात्री वाचल्या असत्या.

सिस्टर_निवृत्त · नऊ दिवसांनी, रात्री ९.१५

फार चांगलं केलंत. तो कागद म्हणजे तुमचा हक्क आहे, आणि पुढच्या डॉक्टरसाठी तो सोन्याचा.

पूर्वभागकर · चार महिन्यांनी, रविवार, सकाळी ११.००

मंडळी, धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं.

सूज उतरायला पाचऐवजी सात आठवडे लागले. मग ठरवलं हैदराबादला जायचं, रेल्वे सोयीची, आणि खरं कारण म्हणजे आम्ही घरात तेलुगू बोलतो. आईला मराठी येतं सगळं पण डॉक्टरसमोर बसली की मराठी सुचत नाही तिला, नुसती हो हो करते.

तिथल्या डॉक्टर बाईंनी मला बाजूला बसवलं आणि सरळ आईशीच बोलल्या. कागदावर गोल काढला, आत दुसरा गोल. म्हणाल्या, संची चिरिगिंदि, अंते. पिशवी फाटली, बस्स एवढंच. आईनं विचारलं, मग पडदा? बाईंनी मागं बोट दाखवलं, तो इथं आहे, नीट आहे, सूज होती ती पण गेली. तीन महिने मी मराठीत जे समजावत होतो ते तिला त्या एका शब्दात कळलं. संची. तांदळाची असते, बाजारची असते. फाटली तर दुसरी सोय करायची.

कड एका बाजूला फारशी उरली नव्हती म्हणून स्क्लेरल पद्धतीनं लेन्स बसवली. सव्वा तास लागला. या वेळी बाहेर बसलो होतो तेव्हा आधीच सांगितलं होतं किती वेळ लागेल, का लागेल, आणि काय काय बिघडू शकतं ते पण. नंतर दोन दिवस प्रेशर वाढलं होतं, गोळीनं उतरलं. लेन्स तिरकी होणं, सरकणं, पडदा सुटणं, हे पुढं कधीही होऊ शकतं म्हणून चमक किंवा सावली दिसली तर लगेच यायचं असं लिहून दिलंय, मराठीत आणि तेलुगूत. माई, तुमचं वाक्य पण आहे त्यात, नजर कमी झाली किंवा दुखायला लागलं तर रविवार बघू नका. मी तुमची आठवण काढली.

कार्डावर स्टिकर आहे. लेन्सची ताकद, नंबर, सगळं. मी लॅमिनेशन करून देवघरातल्या डब्यात ठेवलंय आणि फोटो तिघा भावंडांच्या मोबाईलमध्ये.

सहा आठवडे झाले. चष्म्याचा छोटा तिरका नंबर लागलाय, तो लावून बोर्डाची शेवटून दुसरी ओळ वाचते. परवा मागावरून नवी चादर घरी आणली, तिनं ती दारात उजेडात धरली आणि एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, परत पहिला. म्हणाली, या डोळ्यानं पांढरी आहे, त्या डोळ्यानं मळलेली दिसतेय, धुतली नाहीस का? मी सांगितलं, चादर नवीच आहे आई, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे.

चष्मा_नंबर दादा, डावा अजून पिकलेला नाही, मऊ आहे म्हणाले, आताच केलं तर सोपं जाईल. मी विचार करत होतो हिला परत कसं तयार करायचं. काल रात्री तीच म्हणाली, गड्ड्याच्या आधीची तारीख घे.

चष्मा_नंबर · रविवार, दुपारी १२.२०

घ्या. आणि जाताना पहिल्या डोळ्याची ती नोंद, स्टिकर, ओसीटी, सगळं सोबत न्या. एका डोळ्याची पिशवी फाटली असेल तर दुसऱ्याच्या वेळी डॉक्टर आधीपासून तयारीत राहतात. शुगर आठ दिवस आधी मोजा.

जुळेसोलापूर_माई · रविवार, दुपारी ३.४५

दादा, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की चौथ्या दिवशी मला मेसेज करा. आठवणीनं.